बिब्ब्याच्या फुल्या आणि गव्हाणकर सर

समस्त पनवेलकर, करंजाडेकर आणि स्टेशनच्या दोन्ही बाजूंचे सज्जन यांना, घसा खाकरून आणि उपरणं सावरून, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझ्या गोष्टींचा या पृथ्वीतलावरचा सर्वांत वाईट श्रोता गेल्या महिन्यात निवर्तला. त्याचं नाव डॉ. रूबेन गव्हाणकर. व्यवसाय सर्जन, धर्माने ज्यू, मूळचे गव्हाणचे, भाषा आणि स्वभाव अस्सल कोकणी. त्यांच्या जाण्याने वैद्यकक्षेत्राची हानी झाली वगैरे ती झालीच, पण त्याबद्दल इतर लोक लिहितील. माझी तक्रार वेगळी आहे. मी धंद्याने भूलतज्ज्ञ आहे. आयुष्यभर मी दिवसा लोकांना झोपवलं आणि संध्याकाळी गोष्टी सांगून जागं ठेवलं. त्या गोष्टी ऐकताना भरलेली खोली हसायची आणि एक माणूस भुवया आकसून बसायचा. तो माणूस आता नाही.

एस्तरवहिनींचा फोन दुपारी आला. आवाज नेहमीसारखाच होता, बाजारातून काही आणायला सांगावं तसा. “सुहास, रूबेन उठत नाहीये रे. तू ये जरा.” वडाळे तळ्याजवळचं त्यांचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी गेलो. सर त्यांच्या नेहमीच्या कुशीवर होते, चष्मा नीट घडी करून उशाशी. मी मानेवर बोटं ठेवली, मग मनगटावर, मग... का कोण जाणे, पायाच्या वरच्या बाजूला, जिथे ते स्वतः प्रत्येक पेशंटची नाडी बघायचे तिथे. पाय थंड होता. मी वहिनींकडे बघून मान हलवली. त्या म्हणाल्या, “चहा ठेवू का?” मी म्हणालो, “ठेवा.” दोघांनी चहा घेतला. चहात साखर जास्त होती एवढं मला आठवतं. त्यांच्यात लांबवत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी दफन. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि पनवेलमध्ये आता ते जमवताना धावाधाव होते, म्हणून कुणी ठाण्याहून आलं, कुणी अलिबागहून. मी मूठभर माती टाकली, हात झटकले आणि हॉस्पिटलमध्ये जाऊन एका हर्नियाला भूल दिली. भूल छान झाली. लोक म्हणतात, रडू येतं, छाती भरून येते. मला काही आलं नाही. अजून आलेलं नाही. म्हणून म्हटलं लिहून बघावं.

सरांची आणि माझी ओळख ऑपरेशन टेबलच्या दोन टोकांची. ते पोटाशी किंवा पायाशी, मी डोक्याशी. वयाने ते मला बारा-तेरा वर्षांनी मोठे. पनवेलमधल्या आमच्या त्या छोट्या हॉस्पिटलात मी नवीन लागलो तेव्हा पहिल्याच शुक्रवारी त्यांनी विचारलं, “मासे खातोस? मग संध्याकाळी ये.” तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवलो. सूर्य मावळताना वहिनी दिवा लावायच्या, डोक्यावर पदर घेऊन डोळे झाकायच्या. मग सर मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून प्रार्थना म्हणायचे, आणि मग नारळाच्या दुधातली माशाची आमटी. खवलं असलेलाच मासा. कोलंबी त्यांच्यात चालत नाही, त्यामुळे मी दर शुक्रवारी न चुकता कोलंबीच्या खिचडीचं रसभरीत वर्णन करायचो. सर शांतपणे ऐकायचे आणि विचारायचे, “कोलंबी किती वेळ शिजवतात?” एवढंच. माणूस चिडायचा नाही, हसायचा नाही, प्रश्न विचारायचा.

आणि इथेच माझं दुखणं होतं. गोष्ट ही चढवत न्यायची असते. मी उभा राहून, आवाज बदलून, हातवारे करून ती कड्यापर्यंत न्यावी, आता ढकलणार, तेवढ्यात सर, “थांब, तो भाऊजी कुठून पडला म्हणालास? माळ्यावरून? किती उंच?” अहो, काय फरक पडतो? तो पडला, आणि तो लग्नातल्या बासुंदीच्या पातेल्यात पडला, ही गोष्ट आहे. “पण मग त्याला टाच दुखली की कंबर?” खोलीतली हवा जायची. वहिनी पदराआड हसायच्या, ते माझ्या गोष्टीला नसायचं, माझ्या चेहऱ्याला असायचं. मी एकदा वैतागून म्हणालो, “सर, तुम्ही गोष्ट ऐकत नाही, केस हिस्टरी घेता.” ते म्हणाले, “दोन्हींत लोक सारख्याच थापा मारतात.”

मी सांगणार आहे ती एकच हकिकत, कारण सरांबद्दल बाकी जे सांगायचं ते सगळं तिच्यात आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वीटभट्ट्या जोरात होत्या तेव्हाचे दिवस, म्हणजे थंडी सरत आलेली. आपटा गावाच्या बाजूच्या एका भट्टीवरून एका कातकरी बाईला टेम्पोत घालून आणलं. कमळी तिचं नाव. विटा वाहताना पाय मुरगळला होता. सासूने आपल्याकडची रीत केली, बिब्बा तापवला आणि सुईच्या टोकाने घोट्याभोवती फुल्या घातल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बिब्ब्याचं तेल लचकेवर, सांधेदुखीवर लावायची जुनी पद्धत आहे, आणि काहींच्या अंगाला ते सोसत नाही. कातडी काळी पडते, फोड येतात, सूज येते. याला बिब्बा उतणं म्हणतात. कमळीच्या घोट्यावर काळ्या फुल्या होत्या, फुल्यांवर टपोरे फोड होते, पाय पोटरीपर्यंत सुजला होता आणि बाई मांडी धरून अशी ओरडत होती की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून गेले. अंगात ताप होता.

आमच्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी बिब्बा लावलेला. नर्स फुल्या बघून म्हणाली, “बिब्बा उतलाय.” वॉर्डबॉय म्हणाला, “बिब्बाच.” मी जाता जाता बघितलं आणि म्हणालो, “खोबरं लावा.” आणि सरांनीही वाकून बघितलं, फुल्या बघितल्या, फोड बघितले, आणि म्हणाले, “उतलाय. पण ताप आहे, दाखल करून घ्या, अँटिबायोटिक सुरू करा, उद्या बघतो.” इथे एक सांगितलं पाहिजे. हा पाय लंडनच्या किंवा दिल्लीच्या सर्जनने बघितला असता तर तो फोड बघूनच दचकला असता, कारण त्याला बिब्बा माहीत नाही. चुकायला इथलंच असावं लागत होतं.

शुक्रवार होता. दिवा लागला, सर पेला हातात घेऊन बसले होते, आणि दुपारच्या त्या फुल्यांवरून मला माझ्या आत्याची आठवण झाली. आत्याने लहानपणी माझ्या गुडघ्याला बिब्बा लावला होता आणि तो उतला होता. झालं, मी उठलो. जेवणाच्या टेबलाभोवती लंगडत एक फेरी मारली. आत्याचा आवाज काढला, “गप पड मेल्या, वाघाला लावला असता तर वाघ गप बसला असता.” मग मी माझ्या ओरडण्यावर आलो, शेजारचे कसे जमले, कुणाला वाटलं घरात साप निघाला... गोष्ट छान चढली होती. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी आता शेवटाकडे ढकलणार, एवढ्यात सर.

“दुखत कुठे होतं?”

“गुडघ्याला, सर. बिब्बा गुडघ्याला लावला होता.”

“मांडीला?”

“मांडीला कशाला दुखेल? मांडीला कुठे लावला होता?”

सरांनी पेला हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, “ती मांडी धरून बसली होती.”

मी अजून लंगडण्याच्या पवित्र्यातच उभा होतो. “फुल्या घोट्याला,” ते म्हणाले, “सूज पोटरीपर्यंत. आणि चादर लागली तरी मांडीला ओरडत होती. तिथे तर दिसायला काहीच नव्हतं.” ते उठले. वहिनींनी काही विचारलं नाही, पावावर फडकं घातलं आणि पेल्यावर बशी. शब्बाथ सुरू झाला होता, पण जिवावर बेतलं असेल तर त्यांचा धर्म आड येत नाही, हे मला तेव्हा कळलं. वाटेत मी म्हणालो, “माझी गोष्ट राहिली.” सर म्हणाले, “पुढे तू बरा झालास ना? मग झालं.”

वॉर्डात नर्स खुशीत होती. “सर, आता बरं आहे तिला. घोट्याला हात लावला तरी ओरडत नाही.” सरांचा चेहरा मी इतकी वर्षं टेबलापलीकडून बघितला होता, तो असा पडलेला कधी बघितला नव्हता. त्यांनी सुई घेऊन घोट्याला टोचली. कमळी छताकडे बघत होती, तिला कळलंच नाही. पोटरीला टोचली. तेच. मांडीला नुसता हात टेकवला आणि ती कळवळली. “दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं नाही,” ते मला म्हणाले, “खालच्या नसा मेल्या. आता जिथे दुखतंय तिथपर्यंत तरी बाई जिवंत आहे.” मग माझा हात धरून तिच्या मांडीवर ठेवला. “रंग बघू नकोस. आपली पुस्तकं गोऱ्या कातडीची आहेत, त्यांत लाली दिसते. इथे दिसणार नाही. दाबून बघ.” मी दाबलं. बाहेरून साधी, निरोगी दिसणारी मांडी आतून लाकडासारखी टणक होती. त्यांनी पेनाने टणकपणाच्या कडेला रेघ मारली. मी नाडी मोजली, भराभर चालली होती. रक्तदाब घसरत होता. आम्ही सलाइन, रक्ताची तयारी, माझी औषधं, हे सगळं जुळवेपर्यंत सरांनी पुन्हा हात लावला, आणि टणकपणा रेघेच्या वर गेला होता.

या आजाराचं नाव नेक्रोटायझिंग फॅसायटिस. वर्तमानपत्रं त्याला मांस खाणारे जंतू म्हणतात आणि सरांना ते मान्य नव्हतं. “जंतू काही खात नाहीत रे. कातडीखाली स्नायूंवर एक पातळ पडदा असतो, त्या पडद्यावरून ते पसरतात, विष सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठतं आणि मांस उपाशी मरतं.” म्हणूनच नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही. औषध रक्तातून जातं, आणि जिथे रक्तच पोचत नाही तिथे औषध कसं पोचणार. मेलेलं सगळं कापून काढायचं, आणि लगेच. स्कॅनची वाट बघायची नाही. आत शिरायला जंतूंना बिब्ब्याचा फुटलेला एखादा फोडही पुरला असेल.

आता कापायचं तर घरच्यांना सांगायला हवं. नवरा, बाळू, दाराशी उभा होता. सरांनी काही न लपवता सांगितलं, जीव धोक्यात आहे, पायही. तो म्हणाला, “पाय तोडनार तुमी. मी घरी नेतो तिला.” सासू एका बाजूला, तिला वाटलं बिब्ब्याचं खापर तिच्यावर येणार. ती आधीच म्हणाली, “आमी जलमभर लावतो बिब्बा, कुनाला काय झाला नाय.” सर तिच्यापुढे खाली बसले. “बिब्ब्याचं काही नाही, आजी. मी दुपारी नुसता बिब्बाच बघितला, बाकी पाय बघितला नाही. ते माझ्याकडून झालं.”  डॉक्टर असं बोलतात हे म्हातारीला बहुधा नवीन होतं. मलाही होतं.

तेवढ्यात खाटेवरून कमळीच बोलली. “पाय गेला त भट्टीवर कोन घेल मला? ह्यो दुसरी करल.”

“नाय करनार,” बाळू म्हणाला.

“करल. तुज्या बापानं केली.”

सासूने मान खाली घातली. सर म्हणाले, “कमळे, पाय राहील की जाईल ते आत्ता मला माहीत नाही. उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. बघून सांगतो, पण आधी खोटं सांगणार नाही.”

“मंग उगडून बग. पन मी झोपल्यावर इचारशील कुनाला?”

सरांनी बाळूकडे बोट केलं.

“त्याला नको. त्याला मीठ किती घालायचा त्ये पन समजत नाय. सासूला इचार.”

मी तिला भूल दिली. सरांनी मांडीवर, जिथे बाहेरून काहीच दिसत नव्हतं, तिथे बोटभर छेद घेतला. रक्त आलं नाही. भांडी विसळलेल्या पाण्यासारखं मळकट पाणी आलं. सरांनी छेदात बोट घातलं आणि ते कातडीखालून सरळ वर सरकत गेलं, पाकिटात बोट जावं तसं, कुठे अडकलंच नाही. जिवंत माणसाच्या अंगात बोट असं जात नाही. मग ते कापत गेले. राखाडी, मळलेलं, न रक्ताळणारं सगळं काढत गेले, आणि कडेला लालभडक रक्त दिसलं तिथे थांबले. मी वरच्या टोकाला तिचा रक्तदाब धरून ठेवण्याच्या नादात होतो, एका हाताने सलाइनची पिशवी पिळत. शेवटी उरला पायाचा प्रश्न. सरांनी पोटरीच्या स्नायूला विजेचा हलका झटका देणाऱ्या यंत्राचं टोक टेकवलं. काही झालं नाही. जरा आत टेकवलं. स्नायू दचकला. पुन्हा टेकवलं, पुन्हा दचकला. सर मला म्हणाले, “हा जिवंत आहे,” आणि मग नर्सला, “बाहेर म्हातारीला सांग, आजपुरता पाय आहे. उद्या पुन्हा उघडून बघणार.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, वरच्या कडेचं थोडं आणखी गेलं. त्याच्या पुढच्या खेपेला सगळीकडून रक्त आलं. मग अँटिबायोटिकं, त्यांतलं एक खास जंतूंचं विष बनणं थांबवणारं, रोजची ड्रेसिंगं, दुसऱ्या मांडीची कातडी काढून या पायावर लावणं, आणि उभं राहायला शिकणं. वॉर्डात बाळू तिला भरवायचा आणि ती त्याला मीठ कमी आहे, जास्त आहे, हे सांगायची. ती काठी घेऊन चालत घरी गेली. आता सांगतो, त्या काळात मी सरांना माझ्या बिब्ब्याच्या गोष्टीचा शेवट निदान तीनदा सांगायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा त्यांनी मधेच काहीतरी विचारलं. तो शेवट त्यांनी शेवटपर्यंत ऐकला नाही.

भट्ट्या बंद झाल्या की कमळी दर वर्षी यायची, पाय दाखवायला. पाय केव्हाच बरा झाला होता, औषधं नव्हती, दाखवण्यासारखं काही नव्हतं. ती यायची, पायऱ्या चढायची, शेवळाच्या रानभाजीच्या जुड्या टेबलावर ठेवायची आणि पाय स्टुलावर. सर पाय दाबून बघायचे, चांगलं मिनिटभर, मग म्हणायचे, “चाल.” ती बाहेरच्या लांब पडवीत चालून दाखवायची. “ठीक,” सर म्हणायचे. शेवळं वहिनींकडे जायची. एकदा मी म्हणालो, “सर, या बाईला उगाच कशाला येऊ देता, तिचा रोज बुडतो.” ते म्हणाले, “मी बोलावत नाही. ती बघून घेते की मी अजून बघतो का.”

सर गेल्यावर हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये आम्ही एक छोटी सभा ठेवली. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. पनवेलमधले बरेच डॉक्टर आले होते. मी हीच हकिकत सांगितली, लंगडत, आवाज काढून, आत्यासकट. कुणी मधे काही विचारलं नाही. गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत अखंड गेली, लोक हसले, काही रडले, टाळ्या वाजल्या. इतकी चांगली ती कधीच झाली नव्हती. मला खाली बसताना आपले हात जाणवत नव्हते, म्हणजे होते, पण कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. शेजारच्या बालरोगतज्ज्ञाने खांद्यावर हात ठेवला, तोही मला उशिरा कळला. सगळे एकमेकांना सांगत होते, शांत गेले, काही दुखलं नाही. मीही सांगत होतो. ‘दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं नाही’ हे सरांचं वाक्य मी मघाशीच माझ्या तोंडाने म्हटलं होतं. तरीही सांगत होतो.

लोक पांगायला लागले तेव्हा मागच्या बाकावर कमळी दिसली. तिला सभेचं माहीत नव्हतं, ती तिच्या हिशेबाने पाय दाखवायला आली होती, आणि गर्दी बघून बसून राहिली होती. बाळू शेजारी, मांडीवर शेवळाच्या जुड्या. मला बघून ती म्हणाली, “डाक्टर कवा येनार?”

मी तिच्याशेजारी बसलो. मी सांगितलं. तिने जुड्या बाकावर ठेवल्या. मग म्हणाली, “कशानं?”

मी म्हणालो, “दुपारी जेवून आडवे झाले होते. झोपेतच गेले. दुखलं-खुपलं काही नाही. बहुतेक हृदय बंद पडलं... नक्की कशाने ते कळलं नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग खोलीभर नजर फिरवली. सर्जन होते, फिजिशियन होते, हृदयाचे तज्ज्ञ होते, चहाचे कप हातात घेऊन उभे. आणि ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलून गेली, “एवढं डाक्टर हायेत हितं. मंग त्याला कुनी उगडून का नाय बगितला?”